पास झालेली गाडी आणि भरवशाची गाडी



ह्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकता, इतिहासावर ऐकता, अर्थकारणावर ऐकता. आज मी एका मोटारीविषयी बोलणार आहे, आणि तीही आपल्यापैकी बहुतेकांनी कधी डोळ्यांनी पाहिली नसेल अशी. विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्याने मला विचारले, "अहो, आपल्या गावात ही गाडी एकाकडे तरी आहे का?" नाही, एकाकडेही नाही. पण माझा खरा विषय गाडी हा नव्हेच. एखाद्या वस्तूची रीतसर तपासणी होते, ती उत्तीर्ण होते, मालकाच्या हाती कागद पडतो. त्या कागदावरून ती वस्तू भरवशाची आहे असे म्हणता येईल काय? हा माझा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ह्या दुर्मिळ गाडीच्या गोष्टीत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते.

प्रथम तपासणीविषयी सांगतो. आपण गाडी 'पासिंगला' नेतो म्हणतो, तसे ब्रिटनमधले लोक गाडी 'एम. ओ. टी.'ला नेतात. ही अक्षरे 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्स्पोर्ट' ह्या नावाची. त्या नावाचे खाते केव्हाच गेले, तपासणीला मात्र त्याचे नाव चिकटून राहिले. अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना सप्टेंबर १९६० मध्ये ही पद्धत सुरू झाली आणि फेब्रुवारी १९६१ पासून ती सक्तीची झाली. आरंभी दहा वर्षांवरच्या गाड्यांनाच ती लागू होती आणि ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेच पाहत. पण पहिल्याच वर्षी इतक्या गाड्या नापास झाल्या की, दहाची मर्यादा त्याच वर्षअखेर सातावर आणावी लागली. १९६७ मध्ये ती तीन वर्षांवर आली, आणि आजही गाडी तीन वर्षांची झाली की तेथे तिची दरवर्षी परीक्षा असते. १९६८ मध्ये टायर आले, १९७७ मध्ये गाडीच्या सांगाड्याची व अंगाची स्थिती आली, १९९१ मध्ये धुराची तपासणी आली. अभ्यासक्रम असा वाढत गेला.

ही परीक्षा घेतात ती सरकारी कचेरीत नव्हे, तर परवाना मिळालेल्या हजारो गॅरेजांत. साधारण तासाभराचे काम. परीक्षकावर दोन बंधने असतात, ती लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांच्याशी काम आहे. पहिले बंधन असे की, त्याने गाडीचा कोणताही भाग उघडायचा नाही, खोलायचा नाही. जे दिसते, जे हलवून पाहता येते, जे ठोकून पाहता येते, तेवढेच तपासायचे. दुसरे असे की, इंजिनाची, क्लचची आणि गिअरबॉक्सची प्रकृती कशी आहे, हे त्याने पाहायचेच नसते. इंजिनाचा धूर तो पाहतो, इंजिन पाहत नाही. हे योग्यच आहे; कारण परीक्षेचा हेतू गाडी तुम्हाला घरी पोहोचवील की नाही हे ठरवण्याचा नाही. ती रस्त्यावर दुसऱ्याचा जीव घेणार नाही ना, एवढेच पाहण्याचा आहे.

आता गाडीकडे वळू. ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील मोटार-प्रदर्शनात लोटस कंपनीने 'एलान' ही लहानशी, दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार मांडली. कंपनीचे मालक कॉलिन चॅपमन. हे शर्यतीच्या गाड्या बांधणारे विलक्षण बुद्धिमान गृहस्थ. वजन कमी करणे हा त्यांचा ध्यास. एलानचे वजन सातशे किलोंच्याही आत होते. तिचे अंग फायबर ग्लासचे, आणि आत पोलादी पत्र्याचा एक सांगाडा, आपले मेस्त्री ज्याला चासी म्हणतात तो. गलोलीची दोन बेचकी घ्या आणि त्यांचे दांडे एकमेकांना जोडा, म्हणजे त्या सांगाड्याचा आकार डोळ्यांपुढे येईल. मधला कणा एक, आणि पुढेमागे दोन दोन फाटे. ह्या साऱ्याचे वजन अवघे पंचाहत्तर पौंड, म्हणजे चौतीस किलोंच्या आसपास. एक धडधाकट माणूस तो उचलील! चाके, इंजिन, स्टिअरिंग सगळे ह्या कण्याला धरून. अंगाचे डिझाइन करणारे रॉन हिकमन ह्यांनीच पुढे सुतारांचे घडीचे 'वर्कमेट' टेबल शोधून काढले.

रस्त्यावर ही गाडी अशी धावे की, तिच्या वळण घेण्याची आणि चालकाच्या हाताला ओ देण्याची वाखाणणी जाणकार आजही करतात. १९७३ पर्यंत, अकरा वर्षांत, ह्या दोन बैठकींच्या एलान सुमारे बारा हजार निघाल्या. ही संख्या किती लहान आहे पाहा. त्याच १९६२ साली फोर्डने 'कोर्टिना' ही साधी संसारी गाडी काढली. तिचा पहिलाच अवतार चार वर्षांत दहा लाखांवर गेला. गंमत अशी की, एलानचे इंजिनही मुळात फोर्डच्याच साच्याचे होते. लोटसने त्यावर आपले दोन कॅमशाफ्टांचे डोके बसवले होते.

पण एलानचा लौकिक दुहेरी होता. चालवायला स्वर्ग, आणि सांभाळायला? 'लोटस' ह्या इंग्रजी नावाच्या पाच अक्षरांचा फोड करून लोक थट्टेने म्हणत, "भरपूर त्रास, बहुधा गंभीर." त्यात भर म्हणजे ब्रिटनमध्ये ही गाडी सुट्या भागांत विकत मिळे. तशी घेतली तर खरेदीकर वाचे. मग गिऱ्हाईक आपल्या घरच्या गॅरेजात ती जुळवी. एकाने नीट जुळवली, दुसऱ्याने घाईने. एकाच कारखान्याच्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले, तर नवल नाही.

येथवर प्रस्तावना झाली. आता गाठ सोडवू.

ब्रिटिश सरकारने १९६० पूर्वीच्या जुन्या गाड्यांना तपासणीतून सूट द्यायचे ठरवले, ती सूट नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आली. त्या वेळी सरकारने जे आकडे पुढे ठेवले ते मोठे बोलके आहेत. १९६० पूर्वीच्या गाड्यांपैकी पहिल्या खेपेस नापास होणाऱ्या गाड्या शेकडा दहाहूनही कमी, आणि त्यानंतरच्या गाड्यांत नापासांचे प्रमाण शेकडा तीसवर! म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांची म्हातारी पास होते आणि दहा वर्षांची तरुणी नापास होते. घाईघाईने अर्थ लावणारा म्हणेल, "पाहा, जुने ते सोने. पूर्वीच्या वस्तूच टिकाऊ."

पण त्याच आकड्यांशेजारी आणखी एक आकडा होता. ह्या जुन्या गाड्यांपैकी दोन तृतीयांश गाड्या वर्षाला पाचशे मैलही चालत नव्हत्या. पाचशे मैल म्हणजे आठशे किलोमीटर. रोज कामावर जाणारी गाडी इतके अंतर महिन्याभरात कापते. वर्षातून चार वेळा, तेही ऊन पडले असताना, रविवारी बाहेर काढायची. एरवी पांघरूण घालून घरात ठेवायची. तपासणीच्या आधी आठ दिवस मालकाने स्वतः दिवे-ब्रेक पाहून घ्यायचे. अशी गाडी नापास कशाला होईल? ज्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिकेची तारीख ठाऊक आहे, घरी शिकवणी आहे आणि वर्षभर दुसरे काम नाही, तो पास झाला म्हणून त्याची बुद्धी रोजमजुरी करून शिकणाऱ्याहून श्रेष्ठ ठरत नाही.

एलानचेही तसेच आहे. तपासणीचे निकाल चांगले दिसले तर त्यात गाडीचा गुण किती आणि मालकाच्या मायेचा गुण किती, हे कागद सांगत नाही. शिवाय दुर्मिळ गाडीत आणखी एक अडचण असते. समजा, वर्षात अशा पन्नास गाड्या तपासल्या आणि पाच नापास झाल्या. नापास शेकडा दहा. पुढच्या वर्षी एका मालकाच्या दिव्याची तार सुटली, एक गाडी अधिक नापास झाली. झाले शेकडा बारा. एका तारेने सबंध जातीचा निकाल बदलला! लाखांनी धावणाऱ्या गाडीच्या आकड्याला वजन असते. पन्नासांच्या आकड्याला फार तर सूचना म्हणावे.

आणि तिसरी गोष्ट अशी की, ज्या गाड्या परीक्षेला येतात त्या जिवंत राहिलेल्या. ज्या कुजल्या, मोडीत गेल्या, त्या परीक्षेला बसतच नाहीत. कोर्टिना दहा लाख होत्या, आज मूठभर उरल्या. कारण स्वस्त गाडीला गंज लागला की मालक ती भंगारात देई. एलानला गंज लागला की मालक नवा सांगाडा घाली. एलान टिकली ती भरवशाची होती म्हणून नव्हे, आवडती होती म्हणून. टिकणे निराळे आणि भरवशाचे असणे निराळे.

आता प्रत्यक्ष गाडीच्या अंगात शिरू. फायबर ग्लासला गंज लागत नाही, हा तिचा मोठा गुण. वीस वर्षांची एलान पुसून उभी केली तर कालच कारखान्यातून आल्यासारखी दिसे. पण आतला सांगाडा पातळ पोलादाचा. पुढच्या चाकांचे सस्पेन्शन ज्या उभ्या खांबांना धरलेले असते, त्यांत पाणी उतरते. ते वाहून जावे म्हणून खाली लहान भोके आहेत. ती चिखलाने बुजली की पाणी आतच मुरते आणि पोलाद आतून खाते. वर चकाकते अंग, आत पोखरलेला कणा. परीक्षकाला काही उघडून पाहण्याची मुभा नाही, हे मी मघाशी सांगितले. खालून जेवढे दिसेल तेवढे तो पाहणार. म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची!

दिव्यांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. एलानचे पुढचे दिवे दिवसा बॉनेटमध्ये लपलेले असतात, रात्री वर उठतात. त्यांना उचलायला विजेची मोटर नाही. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने जी पोकळी निर्माण होते, तिच्या जोरावर सुरुवातीच्या गाड्यांतले दिवे वर उचलले जात. चढावर चालकाने पाय पूर्ण दाबला की इंजिनाची ही ओढ नाहीशी होते. मग दिवे खाली बसू नयेत म्हणून पोकळीचा साठा हवा. हा साठा ठेवायला निराळी टाकी कशाला, वजन वाढेल, असा विचार करून चॅपमन ह्यांच्या माणसांनी सांगाड्याचा पुढचा आडवा पोकळ तुकडाच टाकी म्हणून वापरला. बुद्धीची कमाल! पण त्या तुकड्याला गंजाने टाचणीएवढे भोक पडले की साठा संपला. मग रात्री, लांब चढावर, अंधारात, दिवे हळूहळू डोळे मिटू लागतात.

आता हीच गाडी तपासणीला न्या. गॅरेजात ती उभी आहे, इंजिन मंद गतीने चालू आहे, अशा वेळी ओढ भरपूर असते. भोक लहान असेल तर ती ओढ त्यावर सहज मात करते. दिवे टपकन वर उठतात आणि वरच राहतात. परीक्षक खूण करतो: दिवे ठीक. त्याचे काही चुकले का? मुळीच नाही. त्याने पाहिले तेव्हा दिवे ठीकच होते. परीक्षा सपाटीवर झाली, आणि दोष चढावर राहतो! पुढच्या गाड्यांत ही योजना उलटी करण्यात आली: पोकळी दिवे खाली धरून ठेवी आणि ती गेली तर ते आपोआप वर येत. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूने व्हावा, ही शहाणीव अनुभवातून आली.

दिव्यांचीच आणखी एक बाब सांगतो. पोलादी अंगाच्या गाडीत दिव्याला एक तार पुरते. परतीचा प्रवाह गाडीच्या अंगातून जातो. फायबर ग्लासमधून वीज जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार द्यावी लागते, आणि ती जेथे सांगाड्याला जोडलेली असते तो जोड गंजला की दिवा मंद होतो. अशी गाडी परीक्षेत नापास होते, मालक हळहळतो. वस्तुतः जोड घासून साफ करण्याचे ते दहा मिनिटांचे काम.

उलट इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचे पाहा. तो इंजिनाच्या पुढच्या झाकणातच बसवलेला. पट्टा जरा जास्त ताणला की त्याचे बेअरिंग जाते, पाणी गळते, इंजिन तापते. तो बदलायचा तर इंजिनाचा पुढचा भाग उकलावा लागे, आणि पुष्कळदा सबंध इंजिनच बाहेर काढावे लागे. ह्या दोषाने कित्येक मालकांना रस्त्याच्या कडेला बसवले असेल. पण तपासणीच्या कागदावर त्याला एक ओळही नाही, कारण तो परीक्षेच्या अभ्यासक्रमातच नाही. म्हणजे क्षुल्लक दोषाने गाडी नापास होते आणि कंबरडे मोडणारा दोष असूनही पास होते.

ह्याच्या नेमके उलट उदाहरणही आहे. १९८९ मध्ये माझ्दा ह्या जपानी कंपनीने 'एम. एक्स. ५' ही दोन बैठकींची गाडी काढली. तिच्यामागची प्रेरणा एलानचीच, हे सर्वश्रुत आहे. तीच मौज, पण इंजिन असे की किल्ली फिरवावी आणि निघावे. अशा दहा लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. आणि ब्रिटनच्या तपासणीत ह्या जुन्या गाड्या नापास होतात त्या कशाने? दरवाजाखालच्या पोलादी पट्ट्या कुजल्यामुळे. मागच्या कापडी टपावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाचोळ्याने तुंबतात, पाणी त्या पट्ट्यांत उतरते आणि गंज धरतो. येथे गाडी भरवशाची, पण परीक्षेत नापास. तेथे गाडी लहरी, पण परीक्षेत पास. आणि दोन्हींच्या मुळाशी काय? बुजलेले एक छोटे भोक! पावसाळ्यापूर्वी आपण घराची पन्हळ साफ करतो ना, तेवढेच काम. ते कोणी केले नाही.

मग ही तपासणी व्यर्थ आहे काय? असे मी म्हटले तर तो अन्याय होईल. ब्रिटनमध्ये आजही चारांत एकीहून अधिक गाड्या पहिल्या खेपेस नापास होतात. एरवी त्या सदोष ब्रेकनिशी आणि झिजलेल्या टायरनिशी तुमच्याआमच्या मुलांच्या शेजारून धावल्या असत्या. तपासणी आपले काम चोख करते. चूक आपली होते, कारण तिने न केलेल्या कामाची ग्वाही आपण तिच्याकडून मागतो.

कागद वाचायचाच तर एक वाचू नये, ओळीने दहा वाचावेत. २००५ पासून तेथील निकाल संगणकावर नोंदले जाऊ लागले, आणि गाडीचा नंबर दिला की मागच्या तपासण्यांचा निकाल कोणालाही फुकट पाहता येतो. त्यात पास-नापास ह्यांपेक्षा दोन गोष्टी अधिक बोलतात. एक म्हणजे मैलांचा आकडा. दोन तपासण्यांत गाडी दोनशे मैल चालली असेल, तर तिच्या उत्तीर्ण होण्याने फारसे काही सिद्ध होत नाही. दुसरी म्हणजे परीक्षकाची सूचना. "गंज आहे, अद्याप धोक्याचा नाही" असे तीन वर्षे लिहिलेले आढळते, आणि चौथ्या वर्षी ती ओळ नाहीशी होते. मग विचारावे: तेथे नवे पोलाद आले, की काळा रंग आला? ह्याचे उत्तर प्रमाणपत्रात नसते, मेस्त्रीच्या बिलात असते. जुनी गाडी घेणाऱ्याने प्रमाणपत्र आधी मागावे, आणि विश्वास बिलांवर ठेवावा.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. २० मे २०१८ पासून ब्रिटनने चाळीस वर्षांवरच्या, मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांना तपासणीतून सूट दिली. त्यामुळे एलानही सुटली. तिला कोणी नवा सांगाडा घातला, तरी तो मूळच्याच नमुन्याचा असेल तर तो मोठा फेरफार समजत नाहीत. परीक्षा संपली, पण गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य ठेवण्याचे कायदेशीर दायित्व मालकावर जसेच्या तसे राहिले. कित्येक मालक सूट असूनही आपण होऊन गाडी तपासून घेतात. मला त्यांचे मोठे कौतुक वाटते. परीक्षा आहे म्हणून अभ्यास करणारे पुष्कळ. परीक्षा गेल्यावरही अभ्यास करतो तो खरा विद्यार्थी.

आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी पुढे चालते. म्हणजे पहिली पंधरा वर्षे आपल्या गाडीचा परीक्षक बहुतांशी आपणच. तेव्हा पावसाळा तोंडावर आला आहे, घरी गेल्यावर गाडीखाली एकदा वाकून पाहा. पाणी वाहून जाणारी भोके मोकळी आहेत का, टायरची नक्षी उरली आहे का, ब्रेक दाबल्यावर मागचे दोन्ही दिवे लागतात का, हे पाहा. त्या पाहण्याचा कागद कोणी देणार नाही. पण रात्री, चढावर, पावसात, तुमच्या समोरून जो अनोळखी माणूस येत असेल, तो त्या न मिळालेल्या कागदाच्या भरवशावरच येत असतो.